कोणाला काय माहीत आहे, आणि कधीपासून: कथेचं विश्लेषण लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे की एका लघुकथेतली रचना, उपरोध आणि दृष्टिकोन यांचं विश्लेषण लिहायचंय, कथा दोनदा वाचून झालीय, तिन्ही शब्दांच्या व्याख्या पाठ आहेत, तरी लिहायला बसलं की कथासारच उतरतं आणि तपासणारा शेरा मारतो की हे सार झालं, विश्लेषण कुठाय. हा शेरा मी स्वतः इतक्या वेळा मारलाय की आता लाज वाटते, कारण तो मारणं सोपं असतं, त्यापुढे नेमकं काय करायचं ते सांगत बसायला कोणाला वेळ नसतो. म्हणून आज जरा लांबण लावतो.

तुमची अडचण वाचनाची नाहीये, कप्प्यांची आहे. तुम्ही तीन परिच्छेद करता, पहिला रचनेचा, दुसरा उपरोधाचा, तिसरा दृष्टिकोनाचा, आणि प्रत्येकात तीच कथा पुन्हा एकदा सांगता. पण कथेत या तीन गोष्टी वेगवेगळ्या नसतातच. रचना म्हणजे वाचकाला काय कधी कळतं. दृष्टिकोन म्हणजे ते कोणाच्या डोळ्यांतून कळतं. आणि उपरोध म्हणजे एकाला कळलेलं आणि दुसऱ्याला न कळलेलं यात जी फट पडते ती. माहिती एकच, ती वाटायची कशी एवढाच लेखकापुढचा प्रश्न. मी तर कथा वाचताना समासात फक्त हेच लिहितो, "हिला माहीत, त्याला नाही, मला अर्धवट", बस. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

त्याआधी शब्दांचा एक घोळ, कारण मराठीत लिहिणाऱ्यांचा तो हमखास होतो. दृष्टिकोन म्हटलं की आपल्या डोक्यात मत येतं, म्हणजे "लेखिकेचा स्त्रीकडे पाहण्याचा दृष्टिकोन सहानुभूतीचा आहे" असं काहीतरी, आणि अख्खा परिच्छेद लेखिकेच्या विचारांवर खर्ची पडतो. इथे तो अर्थ नाहीये हो. इथे दृष्टिकोन म्हणजे अगदी शब्दशः बघण्याचा कोन, कॅमेरा कुठे ठेवलाय ते. तसंच उपरोध म्हटलं की आपल्याला टोमणा आठवतो, सासूनं सुनेला मारलेला असतो तसा. टोमणा हा उपरोधाचा एक छोटासा प्रकार झाला. बरेचदा कथेत कोणी कोणाला टोमणा मारलेलाच नसतो आणि तरी कथा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत उपरोधानं भरलेली असते.

आता हवेत बोलण्यापेक्षा एक कथा घेऊ. अमेरिकन लेखिका केट शोपॅनची "द स्टोरी ऑफ ॲन अवर", १८९४ सालची, "व्होग" मासिकात डिसेंबरमध्ये आली तेव्हा नाव थोडं वेगळं होतं, "द ड्रीम ऑफ ॲन अवर". कथा जेमतेम हजारेक शब्दांची आहे म्हणून निवडली, आणि तिन्ही गोष्टी त्यात इतक्या एकमेकींत विणल्यात की कप्पे करूच शकत नाही. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिसेस मॅलर्डला हृदयाचा आजार आहे. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी तिला शक्य तितक्या हळुवारपणे सांगायचं ठरतं. बहीण जोसेफिन अडखळत, आडून आडून सांगते, नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स जवळच असतो. ती लगेच ओक्साबोक्शी रडते, मग एकटीच वरच्या खोलीत जाते, उघड्या खिडकीसमोरच्या खुर्चीत बसते, आणि तिथं हळूहळू तिच्या लक्षात येतं की आपण मोकळ्या झालोय. नवरा वाईट नव्हता, प्रेमळच होता, तरीही. बाहेर बहीण किल्लीच्या भोकाला तोंड लावून विनवतेय की दार उघड, आजारी पडशील. शेवटी ती उठते, बहिणीच्या कमरेला हात घालून जिना उतरते, आणि तेवढ्यात पुढचं दार उघडून नवरा आत येतो, हातात बॅग आणि छत्री. तो अपघाताच्या जागेपासून लांब होता, अपघात झालाय हेही त्याला माहीत नव्हतं. डॉक्टर येऊन सांगतात की ती हृदयविकारानं गेली, आनंदाच्या धक्क्यानं, जीव घेणाऱ्या आनंदानं.

हे झालं सार. तुम्ही नेहमी इथंच थांबता, आणि काम इथून पुढे सुरू होतं.

रचनेबद्दल बोलताना बहुतेक जण तो डोंगराचा आराखडा काढतात, सुरुवात, चढ, कळस, उतार, शेवट. तो आराखडा गुस्टाव फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकानं १८६३ मध्ये मांडला आणि तो नाटकासाठी होता, तेही पाच अंकी. हजार शब्दांच्या कथेला तो लावायचा म्हणजे मोठ्या माणसाचा कोट लहान पोराला घालण्यासारखं, बाह्या लोंबतातच. लावू नका असं नाही म्हणत, पण लावून हाती काय लागलं ते बघा. "नवरा परत येतो हा कळस" असं लिहिलंत तर कथेबद्दल तुम्ही काहीच नवीन सांगितलं नाहीत.

त्यापेक्षा वेळ आणि जागा यांचा हिशोब करा. म्हणजे घड्याळातला किती वेळ कागदावरची किती जागा खातो. या कथेत मृत्यूची बातमी दोन छोट्या परिच्छेदांत संपते. नवऱ्याचं परत येणं आणि बायकोचं मरणं तर काही ओळींतच उरकलंय. मग बाकीची जागा कुठे गेली? ती खुर्चीत बसलेल्या बाईवर गेली, जिथे बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडत नाहीये. झाडांचे शेंडे, पावसाचा वास, खाली ओरडणारा फेरीवाला, चिमण्या, ढगांमधून दिसणारं निळं आभाळ. म्हणजे ज्या घटनांना जग घटना म्हणेल त्या कथेनं घाईत उरकल्या आणि ज्याला कोणी घटना म्हणणार नाही तिथे ती रेंगाळली. हे एक वाक्य तुमच्या उत्तरात आलं की तुम्ही सारातून बाहेर पडलात, कारण हे कथेत "घडत" नाही, हे कथा कशी रचलीय त्यावरून तुम्ही ओळखलंत.

आणखी एक रचना आहे, ती मला स्वतःला चौथ्या पाचव्या वाचनात दिसली, दारांची. बाई वर जाते, कोणाला मागे येऊ देत नाही, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. खिडकीतून आयुष्य आत येतंय आणि दाराच्या किल्लीच्या भोकातून बहिणीची काळजी. मग ती स्वतः दार उघडते. आणि पाच सात वाक्यांतच खाली दुसरं कोणीतरी दुसरं दार उघडतं, बाहेरून, स्वतःच्या किल्लीनं. किल्लीच्या भोकाशी बहीण होती, आता किल्ली नवऱ्याच्या हातात. प्रतीकांची यादी करायला हे सांगत नाहीये, त्या याद्यांचा मला कंटाळा आहे. सांगायचं एवढंच की कथेचे सांधे शोधायचे तर "नंतर काय झालं" विचारू नका, "काय पुन्हा आलं आणि आता कोणाच्या हातात आहे" ते विचारा.

रशियन रूपवादी समीक्षकांनी १९२० च्या आसपास एक भेद पक्का केला, घटना ज्या क्रमानं घडल्या तो क्रम वेगळा आणि त्या वाचकाला ज्या क्रमानं सांगितल्या तो वेगळा. शोपॅनच्या कथेत दोन्ही क्रम जवळजवळ एकच आहेत, सरळ तासाभराची रेघ, एकच गोष्ट सोडून. नवरा, म्हणजे ब्रेंटली मॅलर्ड, जिवंत आहे हे कथा सुरू होण्याआधीपासून खरं आहे आणि आपल्याला ते शेवटी कळतं. एवढी एकच माहिती जागची हलवलीय. उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर फॉकनरची "अ रोझ फॉर एमिली" बघा, १९३०, तिथे गावच "आम्ही आम्ही" करत गोष्ट सांगतं आणि काळ इतका उलटसुलट करून टाकलाय की विषाची खरेदी, घरातून येणारा वास आणि नाहीसा झालेला प्रियकर हे तीन धागे वाचकाला पहिल्या वाचनात एकत्र बांधताच येत नाहीत. तिथे क्रम लावून बघणं हेच विश्लेषणाचं निम्मं काम असतं. शोपॅनमध्ये ते काम दोन मिनिटांचं आहे, तर त्यावर पान घालवू नका.

आता दृष्टिकोन. इथे विद्यार्थी "तृतीय पुरुषी सर्वज्ञ निवेदक", म्हणजे "तो", "ती" म्हणत सांगणारा आणि सगळ्यांच्या मनातलं जाणणारा, असं लिहितात आणि पुढे जातात, जसं काही फॉर्ममधला रकाना भरला. फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यानं १९७२ मध्ये एक साधा पण फार उपयोगी भेद केला, कोण बोलतंय आणि कोण बघतंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आवाज निवेदकाचा असेल, डोळे दुसऱ्याचे असू शकतात. शोपॅनच्या कथेत आवाज एकच आहे पण डोळे बदलत जातात. सुरुवातीला घरच्या मंडळींचे डोळे आहेत, हिला जपायला हवं, हिला सांभाळून सांगायला हवं. मग दार बंद झालं की आपण बाईच्या डोक्यात जातो, आणि कथेतला सगळ्यात मोठा भाग तिथेच राहतो. आणि शेवटी? शेवटी जिन्यावर निवेदक तिला सोडून देतो. कोणीतरी पुढचं दार उघडत होतं. नवरा दिसतो, त्याच्या अंगावरची प्रवासाची धूळ दिसते, बहिणीची किंकाळी ऐकू येते, रिचर्ड्स त्याला आड करायला धावतो ते दिसतं. तिला काय वाटलं ते? एक शब्द नाही. जिच्या मनात आपण इतका वेळ राहिलो तिच्या शेवटच्या क्षणी आपल्याला बाहेर काढलंय.

हे लेखिकेनं का केलं यावर थोडं थांबा, कारण इथेच तुमच्या तीन गोष्टी एकत्र येतात. समजा शेवटीही आपण तिच्या मनात असतो, तर एक वाक्य लागलं असतं, "त्याला बघताच तिला वाटलं की सगळं संपलं". संपली कथा. डॉक्टरांचं वाक्य मग नुसतं चुकीचं ठरलं असतं, त्यात धार राहिली नसती. आपल्याला बाहेर काढल्यामुळेच डॉक्टरांचा निकाल हा शेवटचा आवाज उरतो आणि आपल्याला एकट्याला त्याच्याशी वाद घालावा लागतो, मनातल्या मनात.

स्वतः करून बघायचा एक प्रयोग सांगतो, मी कथा संपादन करताना तो नेहमी करतो. कॅमेरा हलवा. हीच गोष्ट जोसेफिनच्या तोंडून ऐका: "मी दाराशी बसून विनवत होते, ताई, दार उघड. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे वेगळेच चमकत होते, मला वाटलं ताप चढलाय. खाली भावोजी उभे. त्यांना बघून तिला आनंद सोसवला नाही." वाक्यं जवळपास तीच, घटना त्याच, आणि उपरोध गायब, कारण सांगणारीलाच फट दिसत नाहीये. आता लुईझच्या, म्हणजे मिसेस मॅलर्डच्याच, तोंडून "मी" करून बघा. जमतच नाही, ती मेलीय. आणि नवऱ्याच्या बाजूनं लिहिली तर कथेची, तो घरी येताच बायको कोसळल्याची, चार ओळींची दुःखद बातमी होते. म्हणजे कथा जी आहे ती फक्त याच जागेवरून कथा आहे. हा प्रयोग तुमच्या वहीत दहा मिनिटांत होतो आणि दृष्टिकोनाबद्दल लिहायला काय आहे ते आपोआप कळतं, व्याख्या लागत नाही.

नावांकडेही बघा. आधी ती "मिसेस मॅलर्ड", म्हणजे नवऱ्याचं आडनाव. खोलीत गेल्यावर बराच वेळ नुसती "ती". "लुईझ" हे तिचं नाव आपण पहिल्यांदा ऐकतो ते तिला मोकळं वाटल्यानंतर, बहिणीच्या हाकेत. आणि नवरा दारात उभा राहिला की ती "त्याची बायको" होते. वर्षानुवर्षं लोक हे वाचतात आणि लक्षात घेत नाहीत, मीही घेतलं नव्हतं. निवेदकानं मत दिलेलं नाही कुठेच, फक्त हाक मारण्याची पद्धत बदललीय. उतारा द्यायचा तर असा बारीक द्या, पाच ओळींचा ढीग उचलून टाकू नका.

उपरोधाकडे यायच्या आधी योगायोग, दुर्दैव आणि उपरोध यांची गल्लत काढू. बस चुकली आणि मुलाखत हुकली, हे दुर्दैव. बस चुकू नये म्हणून माणसानं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं, आणि घड्याळ पुढे आहे हे माहीत असल्यामुळे तो निवांत चहा पीत बसला आणि बस चुकली, हा उपरोध. फरक काय, तर इथे जे टाळायचं होतं ते टाळण्याच्या खटपटीतूनच घडलं. शेवटी धक्का बसला म्हणजे उपरोध झाला असं नाही. मोपासांच्या "नेकलेस"मध्ये (१८८४) बाई उसना घेतलेला हार हरवते, तसा दुसरा ३६,००० फ्रँकचा घेऊन परत करते, कर्ज फेडता फेडता दहा वर्षं जातात, आणि मग कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. धक्का आहेच, पण उपरोध आकड्यांत नाहीये. तिला श्रीमंत दिसायचं होतं म्हणून हार घेतला आणि त्या हारामुळे ती खरीखुरी गरीब झाली, आणि हरवल्याचं मैत्रिणीला सरळ सांगितलं असतं तर एका संध्याकाळीत विषय मिटला असता, यात आहे. धक्का एकदाच बसतो, उपरोध दुसऱ्या वाचनात वाढतो. ही माझी चाचणी, दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या परिच्छेदातली वाक्यं टोचायला लागली तर उपरोध, नाही टोचली तर नुसती गंमत.

ही चाचणी शोपॅनला लावा. पहिलंच वाक्य, तिला हृदयाचा आजार आहे हे माहीत असल्यामुळे बातमी हळुवारपणे सांगायची पुरेपूर काळजी घेण्यात आली. दुसऱ्या वाचनात हे वाक्य जवळजवळ क्रूर वाटतं. ज्या बातमीसाठी एवढी काळजी घेतली ती तिनं सहज पेलली, नुसती पेलली नाही, तिच्यावर जगायला लागली. आणि जी बातमी सांभाळून सांगायची गरज आहे असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं, की नवरा सुखरूप आहे, ती कोणीही न सांभाळता तिच्यासमोर दारात येऊन उभी राहिली. शिवाय रिचर्ड्सची घाई बघा. दुसऱ्या कोणी अडाण्यानं धसमुसळेपणानं सांगू नये म्हणून तो धावत आला. दुसऱ्या तारेनं खात्री तेवढी करून घेतली. थोडा उशीर केला असता तर सांगायला काही उरलंच नसतं. घड्याळ पुढे लावलेला माणूस तो हाच.

इथे कथेत उपरोध दोन दिशांनी चालतो, आणि हे वेगळं करून लिहिलंत तर तुमचं उत्तर बाकीच्यांपेक्षा वर जाईल. नवरा जिवंत आहे याबाबतीत आपण आणि लुईझ दोघंही फसलेले आहोत, आपल्यालाही तिच्याबरोबरच कळतं. हा परिस्थितीचा उपरोध. पण तिच्या मनात काय चाललंय याबाबतीत आपल्याला माहीत आहे आणि बाकी सगळ्या जगाला नाही. दाराबाहेरची बहीण म्हणते आजारी पडशील, आणि आत ती बाई आयुष्यात कधी नव्हती इतकी धडधाकट झालीय, कालपर्यंत आयुष्य लांबेल या विचारानं शहारणारी बाई आज ते लांब असू दे म्हणून प्रार्थना करतेय. हा नाट्यगत उपरोध, प्रेक्षकाला माहीत आणि पात्राला नाही असा. एका बाबतीत आपण मूर्ख, दुसऱ्या बाबतीत शहाणे, आणि शेवटच्या वाक्यात दोन्ही एकमेकांवर आदळतात. आपण नुकतेच फसलोय, त्याच क्षणी डॉक्टर फसतात, आणि आता आपण हसायचं की नाही ते कळत नाही.

निवेदक खोटं बोलला का, असा प्रश्न हमखास येतो. त्यानं तर पहिल्याच वाक्यात नवऱ्याच्या मृत्यूची बातमी म्हटलं होतं. परत जाऊन शब्द बघा. बातमी म्हटलंय, आणि बातमी खरंच आली होती. रिचर्ड्सनं दुसऱ्या तारेनं "सत्याची" खात्री करून घेतली असं येतं, तिथे सत्य हा शब्द कोणाचा? रिचर्ड्सचा. निवेदकानं तो त्याच्याकडून उसना घेऊन तसाच आपल्या वाक्यात ठेवलाय, अवतरणचिन्हाशिवाय. आणि शेवटचं निदान डॉक्टरांचं, तेही तसंच, "असं ते म्हणाले" एवढ्यावर सोडून दिलेलं. सुरुवातीला आपण उसना शब्द निवेदकाचा समजून गिळतो, शेवटी तोच प्रकार ओळखतो आणि गिळत नाही. मधल्या हजार शब्दांत कथेनं आपल्याला वाचायला शिकवलं असं म्हणा हवं तर.

याला बेभरवशाचा निवेदक म्हणायचं का? नाही. ती संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ मध्ये रूढ केली आणि हल्ली ती कुठेही चिकटवली जाते. ज्या निवेदकाच्या सांगण्यावर खुद्द कथाच आपल्याला संशय घ्यायला लावते तो बेभरवशाचा, म्हणजे पोच्या "द टेल-टेल हार्ट"मधला (१८४३), जो खून किती शांतपणे केला ते सांगून आपण वेडे नाही हे पटवतो आणि प्रत्येक वाक्यानं उलटंच पटवत जातो. शोपॅनचा निवेदक खोटा नाही, कमी बोलणारा आहे, हा फरक आहे. "मी" आला की बेभरवशाचा असंही नसतं, पुरावा लागतो. आणि काही कथांत निवेदक कोणाच्याच मनात फारसा शिरत नाही, नुसतं दाखवतो, शर्ली जॅक्सनच्या "द लॉटरी"मध्ये (१९४८) पोरं सुरुवातीलाच खिशात दगड भरताना दिसतात आणि का ते कोणी बोलत नाही, पुढे कळतं तेव्हा तो दगडांचा उल्लेख परत आठवतो. तिथे उपरोध न बोलण्यातूनच तयार झालाय.

आता लिहायचं कसं. कप्पे मोडा आणि परिच्छेद गाठीभोवती बांधा. गाठ म्हणजे कथेतली अशी एक जागा जिथे तिन्ही गोष्टी एकदम काम करतात. या कथेत तीन गाठी पुरे, पहिलं वाक्य, बंद दाराच्या दोन बाजू, आणि जिना. प्रत्येक गाठीशी तेच विचारायचं, कोणाला काय माहीत आहे, मला ते आत्ताच का सांगितलं, आणि जे सांगितलं नाही ते कोणाच्या डोळ्यांमुळे लपलं. वाक्य असं येऊ दे: "नवरा आत येताच निवेदन लुईझच्या मनातून बाहेर पडतं, त्यामुळे तिच्या मृत्यूचा अर्थ लावायचं काम डॉक्टरांकडे जातं, आणि ज्या वाचकानं खोलीतला तास पाहिलाय त्याला तो अर्थ पटत नाही." यात एक "त्यामुळे" आहे ते बघा. रचना, दृष्टिकोन, उपरोध यांच्यामध्ये "त्यामुळे" टाकता येत नसेल, नुसतं "तसेच" आणि "याशिवाय" येत असेल, तर तुम्ही अजून यादीच करताय. मी तपासताना "तसेच" मोजतो, खोटं नाही सांगत.

लेखिकेचं आयुष्य घालायचं का, असं पुढे विचाराल. शोपॅन पाच वर्षांची असताना तिचे वडील १८५५ मध्ये रेल्वे अपघातातच गेले, ही माहिती खरी आहे आणि चटका लावणारी आहे, पण त्यानं खोलीतल्या खुर्चीबद्दल काही उलगडत नाही. एका ओळीत घाला किंवा सोडून द्या.

शेवटी माझीच एक फजिती सांगतो, कारण त्यातून एक मुद्दा निघतो जो बहुतेक उत्तरांत नसतो. शिकत असताना मी ठणकावून लिहिलं होतं की डॉक्टरांचं निदान साफ चुकीचं आहे, ती आनंदानं नाही, निराशेनं मेली. सरांनी वहीवर फक्त एक शब्द लिहिला, "कशावरून?" मी चिडलो, मग कथा उघडून पुरावा शोधायला लागलो आणि सापडेना. तिच्या मनात शिरायचं दार तर जिन्यावरच बंद झालं होतं. निराशा हा शब्द कथेत त्या क्षणी नाहीच, तो मी घातला होता. आणि डॉक्टर म्हणतात जीव घेणारा आनंद, तर त्या तासात तिला आनंद झाला होता हे तर खरंच ना, तोच आनंद गेला आणि ती गेली. म्हणजे डॉक्टरांनी शब्द बरोबर पकडला, फक्त तो कशाचा आनंद हे त्यांना माहीत नव्हतं. न कळता बरोबर बोलून गेले. "डॉक्टर चुकले" असं लिहून हात झटकलेत तर हा शेवटचा पदर निसटतो, आणि त्याच उत्साहात तुम्हीही जिन्यावर तेच करून बसता जे त्या घरातली सगळी माणसं करत होती, तिला काय वाटलं असेल ते तिला न विचारता ठरवून टाकणं.